पांढरीवरचे दिवस

(वाशीम येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून)



आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांत वाटलेली असते. काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत माणसं राहतात. जुन्या वतनाच्या कागदांत ‘काळी-पांढरी’ असा जोडशब्दच येतो. मी पुरातत्त्व शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगितलं गेलं, की जुन्या वस्तीची जागा ओळखायची असेल तर मातीचा रंग बघा. चुलीतली राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं, चुना हे सगळं शेकडो वर्षं एकावर एक साचत जातं आणि माती भुरकट पांढरी होते. बाकीची मुलं वहीत लिहून घेत होती. मला मात्र हसू आलं. हा शब्द आमच्या घरात रोज भाकरीसारखा वापरला जायचा, आणि तो शास्त्र आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

शेतकऱ्यांनाही ही माती ओळखता येते. ती शेताला चांगली, धाब्यावर पसरायलाही चांगली. म्हणून ओसाड पडलेल्या पांढरीच्या टेकाडाची एक बाजू बहुधा बैलगाड्यांनी, आणि हल्ली ट्रॉल्यांनी, कापून नेलेली असते. गंमत अशी, की पुरातत्त्ववाल्यांना टेकाड सापडतं तेही या कापलेल्या बाजूमुळेच. उभ्या कड्यात खापरं दिसतात, राखेचे पट्टे दिसतात. नासधूस आणि शोध हातात हात घालून चालतात असा हा धंदा आहे. पुढे तुम्हाला दिसेल की आम्ही स्वतःही यातून सुटलो नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आठवीत असताना आम्हाला वाशीमजवळच्या हिस्सेबोराळ्याला नेलं होतं. तिथे वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला शिलालेख मिळाला. शके ३८० म्हणजे इसवी सन ४५८ च्या सुमाराचा. स्वामिल्लदेव नावाच्या माणसाने सुदर्शन नावाचं तळं बांधवलं, असं त्यात आहे. वाकाटकांच्या लेखांत शकाचं वर्ष एरवी मिळत नाही, त्यामुळे अभ्यासकांना हा लेख फार मोलाचा. गुरुजींनी हे सगळं सांगितलं, आणि मग आम्हाला उन्हात उभं करून विचारलं, “एवढं तळं खणताना माती किती घमेली निघाली असेल? आणि ती डोक्यावर कुणाच्या होती?” आम्ही गप्प. त्यांनीही उत्तर दिलं नाही. ते खिशातून शेंगदाणे काढून वाटायला लागले. त्या प्रश्नाकडे मी पुढे आठ-नऊ वर्षांनी परत आले, तेही स्वतः घमेल्याजवळ उकिडवी बसून.

तो १९८६ सालचा जानेवारी. एम.ए.चं वर्ष. वाशीमहून अकोल्यापर्यंत मीटरगेजची गाडी, पुढे मोठ्या लाइनने नागपूर, आणि तिथून एका ट्रकच्या मागच्या भागात तंबू, बादल्या, कणकेची पोती आणि आम्ही अकरा विद्यार्थी. कुठल्या टेकाडावर गेलो ते सांगत नाही. पुढे ज्या चुकीची गोष्ट येणार आहे ती माझी आहे, त्या गावाची नाही.

माझ्या डोक्यात त्या वेळी राजवाडा होता. वाशीमची मुलगी, वाकाटकांच्या राजधानीतली. आपलं जुनं नाव वत्सगुल्म, हे इथल्या पोरांना पोहे खाता खाता कळतं. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं लग्न लावलं ते याच नगरात, हे गुरुजींनी वर्गात इतक्या थाटात सांगितलं होतं, की मला वाटायचं अक्षता अजून कुठेतरी पडलेल्या असतील. त्यामुळे उत्खनन म्हणजे सोंड वर केलेला दगडी हत्ती, किमान एखादा खांब. आणि मला पहिल्या दिवशी हातात काय दिलं? एक बादली पाणी, एक नायलॉनचा ब्रश आणि पोतंभर खापरं.

धुवा.

तीन आठवडे मी खापरं धुतली. थंडीने बोटं फुटली. धुवायची, उन्हात पसरायची, कोणत्या चराची आणि कोणत्या थराची ते चिठ्ठीवरून तपासायचं, आणि मग रंगाने, पोताने, काठाच्या वळणाने वेगळी करायची. या जागेला आम्ही पॉटरी यार्ड म्हणायचो. नाव भारी, प्रत्यक्षात चुन्याच्या फकीने आखलेले चौकोन आणि त्यात खापरांचे ढीग. यार्डातला एकच नियम कडक होता. चिठ्ठी हरवली तर तो ढीग फेकून द्यायचा. सुंदर नक्षीचं खापर असो, अखंड लोटा असो; कुठून आला ते माहीत नसेल तर तो मुका. एका संध्याकाळी वाऱ्याने तीन चिठ्ठ्या उडाल्या, आणि दोन दिवसांचं काम आम्ही मुकाट्याने नाल्यात ओतलं. रडू आलं होतं, ते खापरांसाठी नव्हे, बोटांसाठी.

पण तीन आठवड्यांनी एक बदल झाला. डोळे मिटून मी सांगू शकत होते, की हे खापर चाकावरचं आहे की हाताने घडवलेलं. आतून आणि काठाजवळ काळं, बाहेरून खाली तांबडं होत गेलेलं भांडं भट्टीत उपडं ठेवून भाजतात, म्हणून त्याचे दोन रंग होतात, हे पुस्तकात वाचलं होतं. बोटाला ते तेव्हा पटलं. विदर्भात लोहयुगाची ही खूण. नागपूरजवळच्या जुनापाणीची दगडी वर्तुळं रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात उकरली, आणि पुढे तशीच वर्तुळं शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथे नीट खोदली. तिथल्या भांड्यांचे तुकडे आमच्या वर्गातल्या कपाटात होते. तासाला आम्ही ते बघून जांभया दिल्या होत्या.

विद्यार्थ्याला शेतकामासारखं राबवून शिकवायची ही रीत आपल्याकडे कुठून आली, त्याबद्दल थोडं सांगते. १९४४ साली मॉर्टिमर व्हीलर भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. ब्रिगेडियर माणूस, युद्धातून थेट आलेले. त्यांनी त्याच वर्षी तक्षशिलेला तळ टाकून विद्यार्थ्यांची शाळा भरवली. पुढे खात्याचे महासंचालक झालेले ब्रजवासी लाल तिथलेच विद्यार्थी. तोवर आपल्याकडे भिंतीच्या मागोमाग खणत जायचं आणि खोली मोकळी करायची, अशी सर्रास पद्धत होती. व्हीलरनी जमिनीवर चौकोन आखले, दोन चौकोनांमध्ये न खोदलेली पट्टी राखली, आणि त्या पट्टीच्या उभ्या भिंतीवर थर वाचायला लावले. महाराष्ट्राला मात्र ही रीत आधीच एका माणसाकरवी माहीत झाली होती. हसमुख धीरजलाल सांकळिया लंडनला पीएच.डी. करत असताना डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलला व्हीलरच्या हाताखाली खोदकामाला गेले होते. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधनासाठी नव्याने सुरू झालं आणि सांकळिया तिथे आले. नेवासे, इनामगाव ही नावं त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर आली. महाराष्ट्रातला खोदणारा विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठाचा असो, दोन-तीन पिढ्या मागे गेलं की तो या घराण्याशी कुठेतरी जोडला जातो. गाण्यात असतं तसं.

आता चरात उतरू.

चौथ्या आठवड्यात मला एक चौकोन मिळाला. म्हणजे मिळाला एका वरच्या वर्गातल्या मुलाला; मी त्याची मदतनीस. खुंट्या, दोऱ्या, ओळंबा, टेप, फुटपट्टी, आलेखाचा कागद, आणि वही. मजूर गावचेच, रब्बीची निंदणी उरकून मोकळे झालेले. पुरुष कुदळ आणि खुरपी चालवायचे, बाया घमेली उचलायच्या. सकाळी हजेरी, दहाला चहा, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी. रविवारला तिथे काही किंमत नव्हती.

उत्खननाचं पुस्तकातलं वर्णन वाचताना एक गोष्ट हरवते. खोदणारा हात विद्यार्थ्याचा नसतो. विद्यार्थी कडेला बसून लिहितो, मोजतो, मधूनच ब्रश घेऊन उतरतो. मातीत दिवसभर असतो तो मजूर, आणि त्याला मातीतला फरक विद्यार्थ्याच्या आधी कळतो. आमच्या चरात पासष्टीच्या आसपासचे एक बाबा होते. कुदळ टाकताना त्यांचा हात एकदम हलका व्हायचा. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “आवाज बदलला बाई. खाली सारोलं हाय.” दोन बोटं माती झटकली, तर खरोखर शेणा-मातीने सारवलेली जमीन निघाली. फुटलेल्या पोपड्यासारखी, पण जमीन. त्या जमिनीवर शेवटचं पोतेरं फिरलं त्याला दोन हजार वर्षं झाली असतील. आवाजाने कळणं म्हणजे काय, हे मी वहीत कसं लिहिणार होते? मी लिहिलं: ‘जमीन क्र. १, खोली इतकी इतकी.’ वहीत बाबा नाहीत.

आणि आता माझी चूक.

काळ्या-तांबड्या खापरांच्या थरात, खोलवर, मला एक काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. रंगीत पट्ट्यांची बांगडी. पिवळी, हिरवी, मध्ये लाल ठिपका. मी ओरडलेच. एवढ्या जुन्या थरात अशी बांगडी! रात्री झोप लागली नाही. तंबूत कंदील लावून मी वहीत दोन पानं लिहिली. लोहयुगातल्या काचकामाबद्दल माझं मत, विदर्भाचं महत्त्व, आणि थोडं माझंही महत्त्व. सकाळी आम्हाला शिकवणारे सर चरात उतरले, तुकडा बघितला, आणि शांतपणे विचारलं, “बाजूची माती कशी होती?” मी म्हटलं, जरा भुसभुशीत. “आणि रंग?” जरा गडद. “तुम्ही लिहिलंत का हे?” नव्हतं लिहिलं.

तेवढ्यात बाबा कडेवरून खाली वाकले. “सर, हे पेव व्हय. म्या कालच म्हणलं व्हतं बाईले, पर त्या लिवत व्हत्या.”

पेव. ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं. धान्य भरून वरून बंद करायचं, आणि उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा माणूस मारते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होतं. ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार आपण आज मोबाइलच्या दुकानांना लावतो, पण मूळ चित्र हे आहे: भरलेलं पोट, आणि धान्य बाहेर ओसंडणं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी कोणी या टेकाडावर राहणाऱ्याने पेव खणलं, ते वरच्या थरांतून पार लोहयुगाच्या थरात उतरलं. पुढे ते निकामी झालं, कचऱ्याने बुजलं, आणि त्या कचऱ्यात घरातल्या कुणा बाईची फुटकी बांगडी पडली. रंगीत पट्ट्यांची काचेची बांगडी ही महाराष्ट्रातल्या उत्खननांत बहमनी काळाची अगदी नेहमीची खूण. हे मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. पण समोर पेवाचं पोट अर्धं कापून मीच उभी होते आणि मला ते दिसलं नाही. सरळ खड्डा असता तर कदाचित दिसला असता. पेव वर अरुंद असतं, खाली पसरतं. म्हणून त्याच्या पोटात शिरलेल्या माणसाला डोक्यावर जुनाच, न हललेला थर दिसतो आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. हे ज्याने पेवात उतरून ज्वारी काढली आहे त्यालाच झटकन कळणार.

सर रागावले नाहीत. त्यांनी मला त्या कापलेल्या पेवाचं उभ्या भिंतीतलं रेखाटन करायला बसवलं. दोरी आडवी ताणायची, दर दहा सेंटिमीटरला ओळंबा सोडायचा, खाली किती अंतरावर कोणता थर आणि कुठे पेवाची कड, हे आलेखाच्या कागदावर टिंब टिंब उतरवायचं. दीड दिवस लागला. बाबा शेजारी बसून खुरपीच्या टोकाने कड दाखवत होते, मी टिंबं मारत होते. पेवाचा जो अर्धा भाग मी आधीच खोदून टाकला होता तो मात्र कायमचा गेला. त्यात काय काय मिसळलं, कोणती खापरं कुठली, काही सांगता येत नव्हतं. गाड्या भरून पांढरी नेणारा शेतकरी आणि मी, दोघांनी एकच काम केलं होतं. त्याला निदान त्यातून गहू तरी मिळाला.

दायमाबादचं उदाहरण इथे सांगण्याजोगं आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं गाव. १९७४ साली छबू लक्ष्मण भील या माणसाला झुडपाचं मूळ खणताना तांब्या-काशाची चार वजनदार शिल्पं मिळाली. बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. अशी शिल्पं साऱ्या दख्खनमध्ये दुसरी नाहीत. आणि तरीही ती नक्की कोणत्या काळातली, यावर विद्वानांचं भांडण झालं आणि ते धुमसतच राहिलं. कुणी उत्तर-हडप्पा म्हणतं, कुणी धातूतलं सोमलाचं प्रमाण दाखवून शंका काढतं. कारण साधं आहे. थर वाचणारं कोणी नसताना ती वर आली. नंतर शि. रं. राव आणि एस. ए. साळी यांनी तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं, पण सुटलेली चिठ्ठी परत कशी चिकटवणार? छबू भील यांचा यात काही दोष नाही, हे मुद्दाम सांगते. झुडूप काढणाऱ्याने थर लिहावेत अशी अपेक्षा करणारे आपण कोण. पवनारला विनोबांच्या आश्रमाच्या जमिनीत खणतानाही अशाच अपघाताने शिल्पं निघाली, त्यांतली भरतभेट विनोबांनी देवासारखी जपली. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर असं मांडलं, त्यात या शिल्पांचा आधार होता.

याच्या उलट इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने तिथे हंगामामागून हंगाम काढले. सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी. राजवाडा नाही, नाणं नाही, अक्षर नाही. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं खेडं. पण १३० हून अधिक घरं उलगडली गेली, आणि ती उलगडली कशावरून? मुख्यतः जमिनीतल्या खळग्यांवरून. लाकडी खांब कुजतो, त्याच्या जागी भुसभुशीत, थोडी गडद माती भरते. खुरपीने वरची माती नखभर खरवडली की गोल डाग दिसतो. असे डाग नकाशावर मांडले की घर उभं राहतं. आधी ऐसपैस चौकोनी घरं, मग एका टप्प्यानंतर छोट्या गोल झोपड्या. पाऊस कमी झाला, शेती आटली, माणसं गरीब झाली, हे तिथे कोणत्याही लेखात लिहिलेलं नाही. ते विद्यार्थ्यांनी मोजलेल्या डागांत आहे, चाळणीतून काढलेल्या जळक्या सातूच्या दाण्यांत आहे, आणि जनावरांच्या हाडांच्या मोजदादीत आहे.

इनामगावची आणखी एक गोष्ट. तिथे लहान मुलं गेली की त्यांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना खड्ड्यात आडवं करत आणि घोट्याखाली पाय तोडत. का, ते ज्याने त्याने आपल्या परीने सांगावं. भूत होऊन फिरू नये म्हणून, असा एक तर्क आहे. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला मिळाला. त्याचे पाय शाबूत होते. गावचा म्होरक्या असावा. वर्गात हे ऐकताना आम्ही नोंद केली होती. आमच्या टेकाडावर जेव्हा अशीच दोन मडकी निघाली तेव्हा नोंद करणं इतकं सोपं राहिलं नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलाने ब्रश खाली ठेवला आणि तो कडेला जाऊन बसला. त्याच्या घरी आदल्या वर्षी काही घडलं होतं, हे नंतर कळलं. त्या दिवशी घमेल्यावरच्या बायांनी आपसात ठरवून काम थांबवलं, मडक्यांभोवती हळद-कुंकू टाकलं आणि मग म्हणाल्या, “आता करा.” सरांनी हळद-कुंकू झाडायचं नाही असं सांगितलं, फोटोत ते दिसतं. अहवालासाठी तो फोटो चालला नसता. मला तो सगळ्यांत खरा फोटो वाटतो.

तळावरच्या राहणीबद्दल तुम्ही नक्की विचाराल, म्हणून थोडं. मुलींचा तंबू स्वयंपाकाच्या तंबूला लागून, का तर म्हणे सुरक्षित. प्रत्यक्षात त्यामुळे पहाटे चारला फोडणीचा ठसका आम्हाला. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, बाजाराच्या दिवशी मटण. अंघोळ एक दिवसाआड. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात सापडलेल्या वस्तूंची नोंदवही लिहायची: मणी, नाणी, लोखंडाचे तुकडे, भाजक्या मातीच्या पुतळ्या; प्रत्येकीला क्रमांक, पुडी, मोजमाप, रेखाचित्र. डासांपेक्षा पेट्रोमॅक्सभोवतीचे किडे वाईट, ते शाईत पडायचे. आणि रात्री गावातली माणसं यायची, हमखास एकच प्रश्न घेऊन: सोन्याचा हंडा कधी काढणार? आम्ही दिवसा दाखवायला खापरं काढतो आणि रात्री हंडे ट्रकात भरतो, अशी गावाची पक्की समजूत होती. एका आजीने मला हळूच विचारलं, “पोरी, तुले हिस्सा देतात काय?” नाही म्हटल्यावर तिला माझी फार दया आली, आणि दुसऱ्या दिवशी तिने मला चुलीतला भाजलेला कांदा आणून दिला.

आता वाशीमबद्दल बोलते, कारण त्यासाठीच आपण आलो आहोत.

१९३९ साली इथे ताम्रपट मिळाला. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी तो प्रकाशात आणला, मिराशींनी पुढे त्यावर काम केलं. वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी, वत्सगुल्माहून दिलेला. सुरुवात संस्कृतात, पुढचा मजकूर प्राकृतात. त्याआधी वाकाटकांची इथे राज्य करणारी वेगळी शाखा होती, तिचा मूळ पुरुष सर्वसेन, हे इतिहासकारांना माहीतच नव्हतं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख तिथेच होता, कितीतरी जणांनी वाचला होता, पण भिंत झिजलेली. सर्वसेनाचं नाव त्यात आहे हे हा ताम्रपट मिळाल्यावर कळलं. म्हणजे वाशीमच्या एका घरातल्या तांब्याच्या पत्र्यांनी अजिंठ्याची भिंत वाचायला शिकवली. याचा अभिमान मलाही आहे. पण ताम्रपट जमिनीच्या दानाचा असतो. तो कोणाला गाव दिलं ते सांगतो. राजधानीत चूल कुठे होती, ज्वारी खात होते की तांदूळ, भांडी कोण घडवत होतं, हे सांगत नाही. ते आपल्या पांढरीत आहे. आणि आपली पांढरी ओसाड टेकाड नाही. तिच्यावर आपण राहतो. बालाजीचं देऊळ तिच्यावर आहे, बाजार आहे, शाळा आहे, माझं माहेर आहे.

त्यामुळे इथला विद्यार्थी मोठ्या तळाची वाट बघत बसला तर बसूनच राहील. परवाना दिल्लीहून यावा लागतो, पैसा लागतो, आणि मोकळी जागा लागते. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठी भोन इथे विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या; जिगाव धरणाच्या पाण्याखाली ते सगळं जाणार म्हणून आपल्याला घाईघाईने त्याचं नाव कळलं. जुन्या गावात मात्र रोज कुठे ना कुठे पाया खणला जातो. मी निवृत्त होऊन इथे परत आल्यापासून सकाळी फिरायला जाते ती पाय मोकळे करायला कमी, खड्डे बघायला जास्त. जेसीबीने दहा मिनिटांत जो चर पडतो त्यासाठी आम्हाला एक महिना लागायचा. मालक ओळखीचा असेल तर मी कडेला उभी राहते, भिंतीचा फोटो घेते, फुटपट्टी लावून. जेसीबीवाला पोरगा एकदा म्हणाला, “मॅडम, काय मोजता? आता भरणारच हाय.” मी म्हटलं म्हणूनच. त्याने इंजिन बंद केलं आणि पाच मिनिटं बिडी ओढत थांबला. त्या भिंतीत जमिनीखाली साधारण एक मीटरवर राखेचा पट्टा होता, आणि त्याला छेदून खाली गेलेलं, वर अरुंद आणि पोटाशी फुगलेलं काहीतरी. यावेळी मी ओळखलं. आता शाळेतली चार मुलं माझ्याबरोबर येतात. त्यांतल्या दोघांना घरून परवानगी आहे, दोघांना नाही.

आमच्या तळाचा शेवटचा दिवस सांगते आणि थांबते. हंगाम संपला की चर बुजवावा लागतो. उघडा ठेवला तर भिंती ढासळतात, जनावर पडतं, आणि हंडा शोधणारे उरलेलं उकरतात. बुजवण्याआधी तळाशी चालू वर्षाचं नाणं टाकायची पद्धत आहे. पुढे कधी कोणी पुन्हा खोदत आला, तर इथपर्यंत कोणीतरी आणि केव्हा येऊन गेलं होतं हे त्याला कळावं. सरांनी पंचवीस पैशांचं नाणं टाकलं. घमेल्यावरच्या बायांतल्या एका मावशींनी विचारलं, हे काय? मी समजावलं. त्यांची सकाळीच घमेलं उचलताना एक बांगडी वाढली होती. साधी हिरवी, बाजारातली. तुकडा पदराला बांधून ठेवला होता. त्यांनी तो सोडला, खाली वाकून नाण्याशेजारी ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली आणि लिहिलं: काचेची बांगडी, हिरवी, तुकडा १, चराचा तळ, ईशान्य कोपरा. मग बाबांनी पहिलं घमेलं ओतलं.